कॅडेटचे राज्य कोणते?

‘कायमचा पत्ता’ हा रकाना फौजीच्या मुलाने न अडखळता भरलेला मी अजून पाहिलेला नाही. वडिलांचे गाव सातारा जिल्ह्यात, मुलाचा जन्म अंबाल्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात, पहिली-दुसरी पठाणकोटला, पाचवीपर्यंत जबलपूरचे केंद्रीय विद्यालय आणि आता लखनौ. कुणी गावाचे नाव लिहितो, कुणी क्वार्टरचा नंबर. शाळेत असेपर्यंत या रकान्यावाचून काही अडत नाही. बारावीनंतर सरकारी कॉलेजचा फॉर्म समोर आला की तोच रकाना ‘होम स्टेट’, ‘डोमिसाईल’, ‘कँडिडेचर टाइप’ अशी नवी नावे घेऊन उभा राहतो, आणि त्यात आपण कुठे बसतो यावर जागा मिळणार की नाही हे ठरते.

निवृत्तीनंतर मी अलीगंजातच राहिलो. इथल्या कपूरथला चौकाच्या आसपास कोचिंग क्लासच्या पाट्यांनी इमारती झाकून गेल्या आहेत. ज्येष्ठातल्या ‘बडा मंगल’ला हनुमान मंदिराबाहेर पुरी-भाजीचे आणि सरबताचे मांडव पडतात, त्याच सुमारास निकालांचे आणि फॉर्मचे दिवस सुरू होतात, आणि लखनौतल्या मराठी पालकांचे फोन यायला लागतात. प्रश्न बहुधा एकच असतो : “आपल्या पोराला महाराष्ट्रात मिळेल, की इथेच यूपीत बघायचं?” याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण आपल्या देशात ‘तू कुठला?’ या प्रश्नाला प्रत्येक परीक्षेचे उत्तर वेगळे आहे. कॅडेट मित्रांनो, हे तुम्ही बारावीत नव्हे, आठवीतच समजून घ्यावे असे मला वाटते. आणि ही व्यवस्था बदलीच्या नोकरीतल्या माणसावर अन्याय करते असेही मला वाटते. या लेखात दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक मुलगी आहे. वडील मूळचे साताऱ्याकडचे, त्यांच्याकडे महाराष्ट्राचा अधिवासाचा दाखला आहे, सध्या त्यांची पलटण पूर्वेकडे आहे. मुलीची दहावी आणि बारावी दोन्ही लखनौत झाली. गुण चांगले आहेत.

ती एनआयटीसाठी अर्ज करते. एनआयटीमध्ये निम्म्या जागा ‘होम स्टेट’साठी आणि निम्म्या इतर राज्यांसाठी असतात, आणि होम स्टेट म्हणजे जिथून बारावी उत्तीर्ण झाली ते राज्य. म्हणजे प्रयागराजच्या मोतीलाल नेहरू एनआयटीत ही मुलगी घरची, आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या एनआयटीत बाहेरची. तिचे आजी-आजोबा नागपुरात कॉलेजच्या मागच्या गल्लीत राहत असले तरी बाहेरचीच. तिथे डोमिसाईलचा दाखला कुणी मागतच नाही.

मग ती नीट देते. उत्तर प्रदेशात राज्य कोट्याचा नियम सरळ आहे : दहावी आणि बारावी दोन्ही याच राज्यातून झाली असेल, तर निवास प्रमाणपत्राशिवाय राज्यातली उमेदवार म्हणून नाव लागते. दोन्हींपैकी एक बाहेरून झाली असेल तर मात्र निवास प्रमाणपत्र हवे. आपल्या मुलीची दोन्ही इथली, म्हणजे किंग जॉर्ज मेडिकलचे दार तिला चौकातल्या मुलीइतकेच उघडे. जन्म कुठला, आडनाव कुठले, घरी बोलतात काय, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते हा उत्तर प्रदेशाचा मोठेपणा आहे, आणि आपल्या लोकांत तो कमी बोलला जातो.

महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकलला मात्र दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवीत आणि शिवाय अधिवास हवा. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या आणि बदली होऊन महाराष्ट्रात रुजू झालेल्या पालकांच्या मुलांना सवलत आहे. पण हिचे वडील पूर्वेकडे. सैनिकांच्या पाल्यांसाठी वेगळ्या काही जागा असतात, त्यांच्याकडे पुढे येतो. त्या सोडल्या तर वडिलांच्या साताऱ्याच्या दाखल्याचा इथे उपयोग नाही.

आणि तीच मुलगी महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला अर्ज करते तेव्हा चित्र पालटते. तिथल्या कॅप प्रवेशात उमेदवारांचे अ, ब, क, ड, ई असे प्रकार केले आहेत. दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेली मुले ‘अ’त. स्वतः किंवा आई-वडिलांपैकी कुणी महाराष्ट्राचे अधिवासी असेल, तर शिक्षण बाहेर झाले तरी ‘ब’. केंद्राच्या नोकरीतले पालक बदली होऊन महाराष्ट्रात आलेले असतील तर ‘क’. महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मुले ‘ड’त. ‘ई’बद्दल नंतर सांगतो, ती गंमत वेगळी आहे. आपली मुलगी ‘ब’मध्ये बसते आणि पुण्याच्या सीओईपीला, मुंबईच्या व्हीजेटीआयला महाराष्ट्राची उमेदवार ठरते. (एमएचटी-सीईटी महाराष्ट्र बोर्डाच्या अभ्यासक्रमावर असते, हे सीबीएसईच्या मुलांनी विसरू नये.)

म्हणजे मुलगी एक, गुणपत्रिका एक, वडील एक. आणि ती नागपूरच्या एनआयटीत परकी, पुण्याच्या इंजिनिअरिंगला मराठी, मुंबईच्या मेडिकलला परकी आणि लखनौच्या मेडिकलला लखनौची. आयआयटीत आणि दिल्ली विद्यापीठात हा प्रश्नच नाही. दिल्लीच्याच डीटीयूत मात्र ८५ टक्के जागा दिल्लीतून बारावी झालेल्यांना.

आता यातली एकच गोष्ट बदलून पाहा. दहावीनंतर वडिलांची बदली पुण्याला झाली आणि मुलीची बारावी तिथे झाली. एनआयटीसाठी ती महाराष्ट्राची होते. उत्तर प्रदेशाच्या मेडिकलला ती जवळजवळ परकी होते, कारण आता इथले निवास प्रमाणपत्र कुठून आणणार? महाराष्ट्राच्या मेडिकलला दहावी बाहेरची असल्याने सवलतीवर अवलंबून राहावे लागते, आणि ती सवलत वडील अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी महाराष्ट्रात रुजू झाले होते का यावर अवलंबून असते. मुलीचे गुण तेच, अभ्यास तोच. फरक पडला तो वडिलांच्या मूव्हमेंट ऑर्डरने, आणि ती ऑर्डर वडिलांनी मागितलेली नव्हती.

ही व्यवस्था आली कुठून ते थोडक्यात पाहू. आपली घटना अधिवास एकच मानते, भारताचा. कलम १५ जन्मस्थानावरून भेदभाव करू नका असे सांगते, पण ‘राहण्याचे ठिकाण’ हा शब्द त्यात नाही. तो नोकऱ्यांबाबतच्या कलम १६ मध्ये आहे. या फटीतून १९५५ साली इंदूरचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हाच्या मध्य भारत राज्याने इंदूरच्या मेडिकल कॉलेजात बाहेरच्या विद्यार्थ्यांवर वर्षाला १,५०० रुपयांची जादा फी लावली होती. राज्यातल्यांना ती माफ. दिल्लीच्या डी. पी. जोशी या विद्यार्थ्याने दाद मागितली. जन्मस्थान वेगळे आणि वास्तव्य वेगळे, राज्याच्या पैशातून चालणाऱ्या कॉलेजात राज्याने आपल्या रहिवाशांचे हित पाहिले तर चूक नाही, असे बहुमताने ठरले आणि जोशी हरले. आजचा सगळा राज्य कोटा या विचारावर उभा आहे.

पुढे १९८४ मध्ये प्रदीप जैन प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी राज्याराज्यांच्या ‘डोमिसाईल’च्या भाषेवर कडक टीका केली, तरी एमबीबीएसच्या पातळीवर स्थानिकांना काही प्राधान्य चालेल असे मान्य केले. त्या निकालातून ऑल इंडिया कोटा जन्मला. सरकारी मेडिकलच्या १५ टक्के जागा देशभरासाठी, बाकी ८५ राज्याकडे. अलीकडे, २९ जानेवारी २०२५ रोजी, चंडीगडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर मेडिकलच्या जागा वास्तव्याच्या आधारावर राखून ठेवणे घटनाबाह्य ठरवले. पदवीपर्यंत मात्र राज्य कोटा कायम आहे, आणि तुमचा संबंध सध्या पदवीशीच आहे.

राज्यांची बाजू मला पटते, हे आधी सांगून टाकतो. गडचिरोलीला किंवा बहराइचला डॉक्टर हवा असेल, तर तिथली भाषा बोलणारा, त्या मातीत राहायची तयारी असलेला मुलगा कॉलेजात शिरला पाहिजे. सगळ्या जागा देशभरासाठी खुल्या केल्या तर मोठ्या शहरांतले क्लासवाले त्या उचलतील. शिवाय राज्य म्हणजेही एकसंध काही नाही. महाराष्ट्रातच मेडिकलला ७०-३० चा नियम होता, म्हणजे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे भाग करून ७० टक्के जागा त्या त्या भागातल्यांना. मराठवाड्यात कॉलेजे कमी, म्हणून तिथल्या मुलांची ओरड होती. सप्टेंबर २०२० मध्ये तो नियम गेला. इंजिनिअरिंगला ‘होम युनिव्हर्सिटी’चा ७०-३० अजून आहे. तेव्हा आपला-परका ही रेघ राज्याच्या सीमेवरच थांबते असे नाही.

माझी तक्रार रेघ ओढण्याबद्दल नाही. ती कुठे ओढली जाते याबद्दल आहे. स्थिर कुटुंबाच्या मुलाची दहावी-बारावी कुठे झाली, यावरून तो कुठला हे बरोबर कळते. बदलीच्या कुटुंबात त्यावरून एवढेच कळते की त्या दोन मार्च महिन्यांत वडील कुठे होते, किंवा आईने भाड्याचे घर कुठे घेतले होते. काही राज्ये तर दोन इयत्तांवर थांबत नाहीत. आसामने सातवी ते बारावी राज्यातच शिकलेले असावे अशी अट घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. तेलंगणाची अट नववी ते बारावी सलग चार वर्षांची आहे. फौजेत चार वर्षे सलग एका राज्यात काढलेले मूल शोधायला लागते! आणि दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदलणारे मूल कुठल्याच राज्याच्या मोजपट्टीत पुरे भरत नाही. एका राज्यात दोन वर्षे कमी, दुसऱ्यात एक दाखला कमी.

यात आणखी एक गाठ आहे, ती पुष्कळांना फार उशिरा कळते. मूल राखीव प्रवर्गातले असेल, तर तो प्रवर्गही राज्याची सीमा ओलांडत नाही. या विषयातले १९९० चे मोठे प्रकरण मुंबईचेच आहे. आंध्रातल्या अनुसूचित जमातीतला एक मुलगा वडिलांच्या सरकारी खत कारखान्यातल्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईत आला, तिथेच शिकला, आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात राखीव जागेसाठी गेला. जमात आंध्रात अनुसूचित, महाराष्ट्राच्या यादीत नाही. घटनापीठाने सांगितले की, यादी त्या त्या राज्यापुरती असते. त्या निकालाची दुसरी बाजू तुमच्यापैकी काहींना लागू पडते : महाराष्ट्राचा ओबीसी किंवा एससी दाखला घेऊन उत्तर प्रदेशाच्या राज्य कोट्यात उभे राहिलात, तर खुल्या गटात मोजले जाल. ऑल इंडिया कोट्यात आणि एनआयटीत मात्र केंद्राच्या नमुन्यातला दाखला चालतो. म्हणजे ज्या मुलीला मी वर ‘लखनौच्या मेडिकलला लखनौची’ म्हटले, ती राखीव प्रवर्गातली असेल तर लखनौची झाली खरी, पण आपला प्रवर्ग बाहेर ठेवून. हे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. याद्या राज्यांनुसार का आहेत याला कारण आहे. पण ज्याच्या बापाला सरकारनेच इथे पाठवले, त्याने तो प्रवर्ग वापरायला परत गावाकडे जायचे, आणि गावाकडे दहावी नाही म्हणून दार बंद, ही कोंडी खरी आहे.

“पण आपल्याला डिफेन्स कोटा आहे ना?” असे पालक म्हणतात. आहे. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला सैनिकांच्या पाल्यांसाठी ५ टक्के जागा आहेत आणि त्यात तीन गट केले आहेत : महाराष्ट्राचे अधिवासी माजी सैनिक, महाराष्ट्राचे अधिवासी सेवेतले सैनिक, आणि बाहेरचे पण बदली होऊन महाराष्ट्रात आलेले. ही तरतूद विचारपूर्वक केलेली आहे, तिचा फायदा जरूर घ्या. पण पाच टक्के म्हणजे एका वर्गात दोन-तीन खुर्च्या. केंद्राच्या वाट्यातल्या मेडिकल जागा तर बोटांवर मोजण्याइतक्या, आणि तिथे पहिला मान वीरगती मिळालेल्या आणि अपंगत्व आलेल्या जवानांच्या मुलांचा, जो असायलाच हवा. रँकरच्या धडधाकट सेवेतल्या मुलापर्यंत तो क्रमांक क्वचितच येतो.

शिवाय कोटा हे या प्रश्नाचे उत्तरच नव्हे. फौजीच्या मुलाला कमी गुणांत जागा मिळावी अशी मागणी मी करत नाही. त्याने आपल्या गुणांवर कुठल्या रांगेत उभे राहायचे, एवढेच त्याला सांगा. आणि बदली काही फक्त वर्दीवाल्यांची होत नाही. इथे अलीगंजातच केंद्रीय भवन आहे. तिथले कर्मचारी, केंद्रीय विद्यालयाचे शिक्षक, रेल्वेवाले, बँकवाले, बीएसएफ-सीआरपीएफचे जवान, सगळ्यांची मुले याच नावेत आहेत, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना डिफेन्स कोट्याचाही आधार नाही, कारण तिथे सैन्य म्हणजे भूदल, नौदल आणि वायुदल.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. तिथल्या सरकारी विद्यापीठांत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला फी दुपटी-तिपटीने जास्त पडते, आणि सैनिकांची मुले सतत राज्याबाहेरचीच ठरत. २००८ च्या उच्च शिक्षणाच्या कायद्यात तिथल्या संसदेने तरतूद केली : सैनिकाचे नेमणुकीचे ठिकाण ज्या राज्यात, तिथल्या सरकारी विद्यापीठांनी त्याला, त्याच्या पत्नीला किंवा पतीला आणि मुलांना राज्यातलेच मानून फी घ्यायची. आणि मूल शिकत असताना पालकाची बदली दुसरीकडे झाली, तरी शिक्षण पुरे होईपर्यंत तोच दर ठेवायचा. हे शेवटचे कलम लिहिणाऱ्याला फौजी कुटुंबाची ओळख असणार, असे मला ते वाचताना वाटले.

आपल्याकडेही असे लिहिता येते. तेलंगणाची चार वर्षांची अट सर्वोच्च न्यायालयापुढे गेली, तेव्हा बदलीवर असलेल्यांच्या मुलांचे काय, हा प्रश्न तिथे निघाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ती अट उचलून धरली. पण तोवर राज्याने नियमात सवलत घातली होती. भरतीच्या वेळी आपले गाव तेलंगणातले नोंदवलेले सैनिक आणि केंद्रीय पोलीस दलांचे जवान, तसेच राज्याचे कर्मचारी आणि तेलंगणा केडरचे अधिकारी, यांची जेवढी नोकरी राज्याबाहेर झाली तेवढ्या काळाचे मुलाचे बाहेरचे शिक्षण आडवे येणार नाही. भरतीच्या वेळचा पत्ता! तो सर्व्हिस रेकॉर्डमध्ये असतो, मनासारखा बदलता येत नाही, आणि प्रवेशासाठी रातोरात विकतही मिळत नाही.

आणि आता ती राहिलेली ‘ई’ प्रकाराची गंमत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात, म्हणजे कर्नाटकात. ज्या रेजिमेंटच्या नावातच मराठा आहे तिचे घरच महाराष्ट्राबाहेर! महाराष्ट्र कर्नाटकातल्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, आणि त्या वादग्रस्त सीमाभागात शिकलेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांना इंजिनिअरिंगच्या प्रवेशात महाराष्ट्राचे उमेदवार मानतो. तोच ‘ई’ प्रकार. हे योग्यच आहे. पण यातून एक गोष्ट सिद्ध होते. माणूस आपला आहे पण राज्याच्या हद्दीत नाही, अशी स्थिती महाराष्ट्राच्या नियमकर्त्यांना समजते, आणि समजली की ती एका परिच्छेदात सोडवताही येते. मग सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या घरटी जवान देणाऱ्या गावातल्या मुलीला, केवळ तिची दहावी लखनौची म्हणून, राज्याच्या मेडिकलला परके का मानायचे? इंजिनिअरिंगला जो ‘ब’ प्रकार चालतो, तो मेडिकलला का चालू नये?

माझे म्हणणे असे : ज्याच्या आई किंवा वडिलांची नोकरी देशभर बदलीची आहे, अशा मुलाला एकदा, एकच राज्य निवडू द्यावे. एकतर पालकाच्या सर्व्हिस रेकॉर्डमधले मूळ राज्य, नाहीतर मूल शिकते ते राज्य. निवड अकरावीला बोर्डाच्या नोंदणीबरोबर करावी आणि नंतर बदलता येऊ नये. ते राज्य मेडिकलला, इंजिनिअरिंगला, एनआयटीला, सगळीकडे तेच धरावे, आणि दुसऱ्या राज्यावरचा हक्क सोडल्याचे लिहून घ्यावे. जागा वाढवायची नाही, गुणांची सूट नाही.

यावर स्थानिकांच्या जागा जातील असा आक्षेप येईल. हिशेब करून पाहा. आज असे मूल नशिबाने दोन राज्यांत बसते, नाहीतर दोन्हीकडून निसटते. एकाच ठिकाणी बसवले तर दुसऱ्या राज्याची जागा मोकळीच होते. दुसरा आक्षेप, हा डॉक्टर राज्यात थांबेल का? जन्माने किंवा दहावीने कुणी थांबत नाही. साताऱ्यात शिकलेले डॉक्टर लंडनला गेलेले आपण पाहतो. थांबवायचे असेल तर सेवेचा बाँड आहे, आणि महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकलमध्ये एक वर्षाच्या सेवेचा बाँड आहेच. तो सगळ्यांकडून सारखा पाळून घ्या. खोटे दाखले निघतील हा तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, कारण दोन राज्यांचे दाखले काढून दोन्हीकडे नाव लावणारे आजही आहेत. आपल्यातही “गावाकडचा एक काढून ठेव, इथला एक काढून ठेव” असा सल्ला देणारे भेटतात. पालकहो, तो ऐकू नका. पकडले गेले तर मुलाचा झालेला प्रवेश रद्द होतो, आणि कुणा खऱ्या रहिवाशाची जागा आपण अडवलेली असते ती वेगळीच.

नियम बदलेपर्यंत आहे त्यात वाट काढायची आहे, म्हणून थोडे कामाचे. मूल आठवीत असतानाच घरात बसून ठरवा की दहावी आणि बारावी कुठे. दोन्ही एकाच राज्यात झाली तर निम्मी डोकेदुखी संपते. त्यासाठी कुटुंब मागे ठेवावे लागले तर तो खर्च आणि तो दुरावा यांचा विचार तेव्हाच करा, कारण सीबीएसईची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते, आणि दहावी-बारावीत ऐनवेळी शाळा बदलणे सोपे नसते. मेडिकलला जायचे पक्के असेल तर राज्य निवडताना घराचे प्रेम बाजूला ठेवून नियम बघा : उत्तर प्रदेशात दहावी-बारावी करून इथला राज्य कोटा घेणे हा आपल्या बऱ्याच मुलांसाठी सरळ रस्ता आहे, त्यात कमीपणा नाही. पंडित भातखंडे मुंबईहून आले आणि १९२६ मध्ये याच लखनौत त्यांनी संगीताचे कॉलेज उभे केले. मराठी माणसाला हे शहर नवे नाही. मूल राखीव प्रवर्गातले असेल तर मात्र वरची गाठ लक्षात ठेवून दोन्ही बाजूंनी गणित मांडा.

इंजिनिअरिंगसाठी महाराष्ट्राचा ‘ब’ प्रकार हवा असेल तर वडिलांचा किंवा आईचा अधिवासाचा दाखला लागतो, आणि त्यासाठी महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. जो अठराव्या वर्षी भरती झाला त्याचा पुरावा म्हणजे त्याचे बालपण. जन्माची नोंद, गावच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला, घरपट्टीची पावती किंवा सातबारा, आजोबांचे रेशनकार्ड. प्रवर्गाचा लाभ घ्यायचा असेल तर जातीच्या दाखल्यासोबत जात वैधताही लागते, आणि तिला वेळ जातो. हे सगळे कागद मे-जूनमध्ये, सेतू केंद्रापुढे रांग लागलेली असताना, दोन दिवसांच्या रजेत जमत नाहीत. दिवाळीच्या रजेत गावी जाल तेव्हा फराळाआधी शाळेच्या हेडमास्तरांना भेटून घ्या, जुने रजिस्टर कुठल्या कपाटात आहे ते त्यांनाच ठाऊक असते.